माथा शंभर मीटरवर होता आणि आम्ही परत फिरलो. चुकलं का?

भिजका_मोजा | सोमवार, रात्री ९:४०

गेल्या रविवारची गोष्ट. अजून बोटं दुखतायत, तरी लिहून टाकतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आम्ही सहा जण. वाट आधी कुणीच केलेली नव्हती, पण फोनमध्ये ट्रॅक उतरवून घेतला होता. पायथा ते माथा अंतर ६ किलोमीटर, चढ १,१०० मीटर. म्हणजे जवळजवळ सगळीच वाट छातीवर येणारी. निघायचं ठरलं होतं सहाला, निघालो साडेआठला. (कुणामुळे ते लिहीत नाही, तो हा धागा वाचणार आहे.) हवामानाच्या अंदाजात 'दुपारी हलका पाऊस, शक्यता ३० टक्के' असं होतं. सकाळी आभाळ इतकं निळं की दोघांनी रेनकोट गाडीतच ठेवले.

८५० मीटर चढल्यावर एक कातळटप्पा लागतो. पंधरा-वीस मीटरचा, खोबण्या खोदलेल्या, बाजूला लोखंडी साखळी. तिथे पोचलो तेव्हा १२:१० झाले होते. समोरच्या डोंगरावर पांढऱ्या ढगांचे गड्डे वर चढत होते, छान दिसत होते, फोटोही काढले. कातळ कोरडा ठणठणीत होता, पण एकेकाने चढायचं म्हटल्यावर सहा जणांना चाळीस मिनिटं लागली. वर धारेवर आलो आणि पंधरा मिनिटांत सगळं बदललं. धुकं, मग वारा, मग एक लांबवरची गडगड. दीड वाजता आम्ही १,००० मीटरच्या आसपास होतो. माथा शंभर मीटर वर. एक जण म्हणाला पुढे चला, चौघं गप्प, मी म्हणालो परत. परत फिरलो.

कातळाच्या तोंडाशी आलो तर त्यावरून पाणी वाहत होतं. चढताना ज्या खोबणीत पाय टाकला ती आता पाण्याखाली. सहा जणांना उतरवायला एक तास वीस मिनिटं लागली. एक जण दोन मीटर घसरला, साखळीने तळहात सोलला, थोडक्यात निभावलं. आमच्यातल्या एकीला शेवटी सॅकचं बक्कलही लावता येईना, बोटं वळतच नव्हती. खाली पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं.

गाडीत वाद झाला तो झालाच. एकाचं म्हणणं, माथा इतका जवळ असताना परत फिरणं हा घाबरटपणा. माझं म्हणणं, परत फिरलो म्हणून आज भांडतोय तरी. जाणकारांनी सांगावं.

दगडू_भटक्या | सोमवार, रात्री १०:०५

बरोबर केलंत. +१. डोंगर कुठे जात नाही.

शिखरवेडा | सोमवार, रात्री १०:३२

माझं मत कुणाला आवडणार नाही. शंभर मीटर म्हणजे दमलेल्या पायांनीही वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्यासाठी परत फिरायचं तर निघायचंच कशाला? पाऊस डोंगरावर नाही पडणार तर कुठे पडणार? थोडं भिजल्याने कुणी विरघळत नाही. हल्ली 'परत फिरणं हेच शौर्य' असं म्हणायची फॅशन आलीय आणि त्याखाली ढिसाळ तयारी झाकली जाते. साडेआठला निघालात, रेनकोट गाडीत. परत फिरण्याचं कौतुक नंतर करू.

भिजका_मोजा | सोमवार, रात्री १०:४१

शेवटची दोन वाक्यं मान्य. लागली, पण मान्य.

ढगनिरीक्षक | सोमवार, रात्री ११:५०

झोप येत नाहीये, तर जरा सविस्तर. 'पंधरा मिनिटांत सगळं बदललं' असं तुम्ही लिहिलंय. बदललं नाही. सकाळपासून शिजत होतं, तुम्हाला दिसलं पंधरा मिनिटांत.

ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात आणि त्यांना टेकलेली हवा उतारालाच धरून वर सरकते. वर जाताना ती पसरते, थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. तुम्ही फोटो काढले ते गड्डे म्हणजे हेच. ते रुंदीला पसरतायत, चपटेच राहतायत, तर फार काळजी नाही. उंचीला वाढू लागले, माथ्याचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आकार होऊ लागला, बूड काळवंडलं, की समजायचं आत जोराची चढती हवा आहे. वरचा भाग ऐरणीसारखा सपाट पसरला तर तो गडगडाटी ढग तयारच झाला. असे ढग बहुतेक दुपारनंतर पिकतात, म्हणून डोंगरातली जुनी माणसं पहाटे निघतात. ती शिस्त नसते, हिशोब असतो.

दुसरं म्हणजे उभ्या वाटेवर तुम्हाला अर्धंच आभाळ दिसतं. पाठीमागचं दिसतं, धारेपलीकडचं नाही. वारा पलीकडून येत असेल तर वादळ डोंगराच्या पाठीला टेकून उभं असतं आणि तुम्ही अलीकडे उन्हात घाम पुसत असता. धारेवर डोकं काढलं की दोघांची समोरासमोर गाठ. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

तिसरं, तापमान. फोनमधलं तापमान कुठलं होतं, पायथ्याचं ना? दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी धरा. पायथ्याशी २४ असेल तर तुमच्या धारेवर १७-१८. ऐकायला काहीच नाही. पण ओले कपडे आणि वर वारा म्हटल्यावर तो १७ अंगाला १७ लागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, आणि धार नि खिंड या दोन ठिकाणी वारा चिंचोळ्यातून निघाल्यासारखा वेग घेतो. उंचीवर जाऊ नका फार. अमेरिकेतला माउंट वॉशिंग्टन फक्त १,९१७ मीटरचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला गेलाय. कितीतरी वर्षं तो जगातला विक्रम होता.

भिजका_मोजा | मंगळवार, सकाळी ७:१५

फोटो पुन्हा काढून बघितले. फ्लॉवरचे गड्डेच. बुडं काळी. आम्ही त्यांच्यासमोर हसत उभे.

एक विचारतो. ३० टक्के म्हणजे नेमकं काय? आम्ही धरून चाललो होतो की ७० टक्के कोरडं, म्हणजे जवळजवळ नाहीच.

ढगनिरीक्षक | मंगळवार, सकाळी ८:३०

ढोबळ अर्थ असा की त्या वेळेत, त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता दहात तीन. किती जोरात पडेल, किती वेळ, हे तो आकडा सांगतच नाही. शिवाय अंदाज काढणारी गणितं जमिनीचे मोठमोठे चौकोन पाडून चालतात. तुमची घळ, तुमची धार त्या चौकोनात सपाट होऊन जाते. म्हणून अंदाज बघायचा तो जायचं की नाही आणि कधी निघायचं हे ठरवायला. वर गेल्यावर त्याच्याकडे बघून उपयोग नाही, आभाळाकडे बघायचं.

घड्याळात उंची दाखवणारा बॅरोमीटर असेल तर एक युक्ती. मुक्कामाला रात्री उंची बघून झोपा. सकाळी तंबू हलला नसताना घड्याळ म्हणतंय तुम्ही ४० मीटर वर आलात, तर हवेचा दाब साधारण ५ हेक्टोपास्कलने उतरलाय. हवा बिघडतेय. एका दिवसाच्या ट्रेकलाही जेवणाच्या थांब्यावर हे बघता येतं.

घसारा | मंगळवार, सकाळी ११:०२

सगळे 'माथ्यापासून शंभर मीटरवर परत फिरणं योग्य की अयोग्य' यावर बोलताय. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी विचारलाय. निर्णयाची जागा ती नव्हतीच. ती कातळाच्या पायथ्याशी होती, १२:१० ला.

कोरड्या कातळावर चढणं आणि ओल्या कातळावरून उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. चढताना खोबणी डोळ्यासमोर असते, हात आधी जातो, पाय मागून. उतरताना पाय आधी जातो आणि त्याला डोळे नसतात. त्यात शेवाळ. कोरडं असताना ते खडकाला चिकटलेलं काळं पापुद्र्यासारखं दिसतं, लक्षही जात नाही, आणि पाण्याचे चार थेंब पडले की साबण. म्हणून असा टप्पा आला की मी एकच प्रश्न विचारतो: हा ओला झाला तर आत्ताची ही सहा माणसं, संध्याकाळच्या पायांनी, इथून उतरतील का? उत्तर 'नाही' असेल आणि आभाळात काही शिजत असेल, तर वर जायचंच नाही. असा कातळ म्हणजे उंदराच्या पिंजऱ्याचं दार असतं, आत जाताना अगदी सहज उघडतं.

तुम्ही दार ओलांडलंत चाळीस मिनिटं घालवून, ढगांचे फोटो काढून. त्यानंतर माथ्यावर जाणं वाईट होतं आणि परत फिरणंही वाईट होतं. दोन वाईटांतलं एक निवडलंत, निभावलं. त्याला 'बरोबर निर्णय' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिखरवेडा | मंगळवार, सकाळी ११:२०

म्हणजे प्रत्येक कातळाखाली उभं राहून ढगांची पत्रिका बघायची? मग घरीच बसा.

घसारा | मंगळवार, सकाळी ११:४४

मी वर्षातून पंधरा-वीस वेळा जातो आणि त्यातल्या दोन-तीनदा कातळाखालूनच परततो. घरी बसत नाही. तुम्ही स्वतः किती जणांना घेऊन जाता? एकटे असाल तर तुमचा कातळ तीन मिनिटांचा. सहा जणांचा चाळीस मिनिटांचा. ओला झाला की ऐंशी. वर लिहिलेल्या वेळा बघा, दुप्पटच लागलेत.

वेळेचंही बोलू. ६ किलोमीटर आणि १,१०० मीटरला तुम्ही किती वेळ धरला होता?

भिजका_मोजा | मंगळवार, दुपारी १:१०

तीन तास. फोनने सांगितलं.

घसारा | मंगळवार, दुपारी १:३५

वाटलंच. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता. सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचं गणित घाला: ७२ मिनिटं अधिक ११० मिनिटं, झाले तीन तास. पण हा हिशोब धडधाकट, सवयीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात फोटो नाहीत, साखळीची रांग नाही, कुणाच्या बुटाची नाडी सुटत नाही. सहा जणांच्या मिश्र गटाला मी याची दीडपट धरतो, कातळाचा वेळ वेगळा. आणि मग उलटं मोजतो. किती वाजता धारेवरून खाली असायला हवं? तिथून मागे येत निघायची वेळ काढायची. तुमच्या वाटेवर ती साडेपाच येते.

सुईदोरा | मंगळवार, दुपारी ३:२०

बक्कल न लागणाऱ्या मुलीबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. डोंगरातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय, तेवढंच.

भिजका_मोजा, तुमच्या धाग्यातली मला सर्वांत घाबरवणारी ओळ तीच. बोटं न वळणं, अडखळणं, जीभ जड होणं, बडबडी व्यक्ती एकदम गप्प होणं, ही शरीर आतून गार पडायला लागल्याची लक्षणं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याला बर्फ लागत नाही. पाऊस, वारा आणि दमणूक एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. सुती टीशर्ट भिजला की तो कपडा राहत नाही, अंगाला गुंडाळलेली ओली पट्टी होते. वर कातळावर रांगेत उभं राहणं म्हणजे हालचाल बंद. तुम्ही ऐंशी मिनिटं सहा माणसांना ओल्या अवस्थेत वाऱ्यात उभं केलंत. तिचा नंबर कितवा होता?

हुडहुडी भरलीय तोवर शरीर लढतंय. हुडहुडी थांबली आणि माणूस म्हणाला 'आता बरं वाटतंय', की खरी भीती. अशा वेळी वाऱ्याआड न्या, ओलं काढा, कोरडं घाला, डोकं झाका, खाली सॅक घालून बसवा (जमीनही उष्णता ओढते), शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड काहीतरी द्या. हातपाय चोळू नका. फारच गार पडलेल्या माणसाला आडवं ठेवून हळूवार हाताळा, धसमुसळेपणाने हृदयाची लय बिघडू शकते. दारू अजिबात नाही. तिने ऊब आल्यासारखं वाटतं आणि उष्णता निघून जाते.

'थोडं भिजल्याने कुणी विरघळत नाही' असं वर कुणीतरी लिहिलंय. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू, बहुतेक हाफ पॅंट आणि पातळ टीशर्टवर. चढाच्या टप्प्यात गार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा आला. २१ जण गेले. सगळे सराव असलेले, आपल्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त लोक. काही जणांना एका मेंढपाळाने गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं म्हणून ते वाचले.

शिखरवेडा | मंगळवार, दुपारी ४:०५

गान्सूबद्दल माहीत नव्हतं. 'विरघळत नाही' हे वाक्य मागे घेतो. बाकी मत कायम.

दगडू_भटक्या | मंगळवार, दुपारी ४:३०

जपानमधलंही एक आहे. होक्काइदोतला तोमुराउशी, २,१४१ मीटर. जुलै २००९, ऐन उन्हाळा. वाटाड्यांबरोबर गेलेल्या गटातले आठ जण पावसा-वाऱ्यात गारठून गेले. सकाळी निवाऱ्याच्या झोपडीतून बाहेर पडले तेव्हाच हवा खराब होती.

छत्रीधारी | मंगळवार, सायंकाळी ५:५५

एवढ्या गंभीर चर्चेत माझा नम्र मुद्दा: छत्री. हसा. पण झाडीतल्या चढाला, वारा नसताना, छत्रीइतकं सुखाचं काही नाही. रेनकोट घालून उभा चढ चढला की आतून घामाने तेवढेच भिजतो.

घसारा | मंगळवार, सायंकाळी ६:१०

झाडीत चालेल. कातळावर तिसरा हात आणणार कुठून? आणि धारेवर छत्री उघडलीत तर माथा लवकर येईल, कुठला ते सांगता येत नाही.

छत्रीधारी | मंगळवार, सायंकाळी ६:१४

पण घामाचा मुद्दा खोडला नाहीत, हे नोंदवून ठेवतो.

सुईदोरा | मंगळवार, सायंकाळी ६:४०

घामाचा मुद्दा खराच आहे. चढताना अंगावर कमीत कमी ठेवा आणि थांबलात की लगेच जाकीट चढवा. हुडहुडी भरेपर्यंत वाट बघू नका. एक कोरडा बनियन, मोजे आणि टोपी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी, आणि ती पिशवी खाली उतरेपर्यंत कुणाला दाखवायचीही नाही, लोक मागतात.

पुढे_चला | मंगळवार, रात्री ९:२०

नमस्कार. 'पुढे चला' म्हणणारा मीच. भिजका_मोजाने लिंक पाठवली, 'वाच आणि शीक' म्हणून. वाचलं. आता माझी बाजू.

मला माथ्याचा हट्ट नव्हता. नकाशात माथ्याच्या पलीकडून सोंडेने उतरणारी वाट होती. लांब, दहा-अकरा किलोमीटर, पण बैलगाडी जाईल अशी. एकही कातळ नाही. आपण त्या कातळावरून ओल्यात उतरू शकणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून म्हणत होतो की वीस मिनिटं वर जाऊ आणि पलीकडे उतरू. गाडी अलीकडे राहिली असती, तेवढंच.

भिजका_मोजा | मंगळवार, रात्री ९:२६

हे तू तिथे का नाही बोललास?

पुढे_चला | मंगळवार, रात्री ९:२९

बोललो. वाऱ्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तुला फक्त 'पुढे चला' ऐकू आलं. आणि नंतर गाडीत तू 'घाबरट' शब्दावर अडकलास, मग मीही अडकलो.

शिखरवेडा | मंगळवार, रात्री ९:४०

हे घ्या. म्हणत होतो ना.

ढगनिरीक्षक | मंगळवार, रात्री १०:३०

थांबा, इतकं सोपं नाही. गडगड ऐकू आली होती हे विसरताय. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजले होते का कुणी? तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, आणि दहा किलोमीटर विजेला काहीच नाही. धुक्यात तर चमक दिसतही नाही, तेव्हा ऐकू आलं म्हणजे जवळ आहे असंच धरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर यायचं नाही. अशा वेळी वीस मिनिटं धारेवरून माथ्याकडे आणि मग उघड्या सोंडेवरून चालत जायचं म्हणजे त्या परिसरातली सर्वांत उंच वस्तू स्वतः व्हायचं.

पण परतीच्या बाजूला काय होतं? लोखंडी साखळी, भिजलेली, आणि तिला लटकलेले सहा जण. लोखंड विजेला बोलावत नाही, पण वीज वर कुठेही पडली तर साखळी ती खालपर्यंत आणून पोचवते. त्या ऐंशी मिनिटांत वीज तुमच्या डोंगरावर पडली नाही, हे नशीब.

पुढे_चला | मंगळवार, रात्री १०:३८

मग करायचं काय होतं?

ढगनिरीक्षक | मंगळवार, रात्री ११:०५

घसारा यांनी सांगितलंच, कातळ चढायचाच नव्हता. पण चढलात, आता दीड वाजलाय, असं धरलं तर मी असं केलं असतं: धारेवरून वाऱ्याआडच्या बाजूला पन्नास-साठ मीटर खाली यायचं, कातळाच्या तोंडाशी नाही. एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीतही नाही, कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह कपारीच्या तोंडाशी उडी मारतो. एकमेकांपासून लांब बसायचं, पाय जुळवून, सॅकवर. काठ्या बाजूला. केस उभे राहिले किंवा काठ्या गुणगुणायला लागल्या तर ती जागा तत्काळ सोडायची. आणि कुणाला झटका बसलाच तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागायचं.

हा तासाभराचा खेळ. मग पाऊस ओसरल्यावर पलीकडची वाट.

सुईदोरा | मंगळवार, रात्री ११:२०

आणि त्या तासाभरात रेनकोट नसलेले दोघं कुठे जातात? बसून राहिलेला ओला माणूस आणखी लवकर गारठतो. तुमचं गणित विजेच्या बाजूने बरोबर आहे, थंडीच्या बाजूने उधारीवर आहे.

ढगनिरीक्षक | मंगळवार, रात्री ११:२४

खरंय. याला उत्तर नाही माझ्याकडे. गाडीत ठेवलेले दोन रेनकोट हेच उत्तर होतं.

पहिलाच_ट्रेक | बुधवार, सकाळी ९:००

मी नवीन आहे, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा जाणार आहे. हे वाचून जावं की नाही कळेना. धुकं आलं आणि वाट दिसेनाशी झाली तर? आणि आमच्या वाटेत एक ओढा आहे.

घसारा | बुधवार, सकाळी १०:१५

जरूर जा. धुक्यात थांबायचं. जिथे आपण शंभर टक्के वाटेवर होतो अशा शेवटच्या जागी परत यायचं आणि तिथे बसायचं. 'इकडेच असेल' म्हणून उतार धरून खाली सुटायचं नाही. उतार कड्यावरही संपतो. फोन अंगाजवळच्या खिशात, थंडीत बॅटरी लवकर बसते. शिट्टी जवळ ठेवा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. मदतीची हाक म्हणून ती जगभरच्या डोंगरांत ओळखतात. उत्तर मिनिटात तीनदा येतं.

ओढ्याचं असं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झाला की तो फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, आवाज जड झाला, की पात्रातून बाहेर. गुडघ्यावर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नका, बसून राहा. डोंगरातला ओढा चढतो तसाच उतरतोही. ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कमरपट्टा आधी सोडा.

आणि निसरड्या उतारावर मागे रेलू नका. भीती वाटली की सगळे मागे रेलतात आणि तिथेच पाय सुटतो. वजन पायांच्या बरोबर वर, पावलं बारीक. कातळ असेल तर तोंड कातळाकडे करा, दोन हात-दोन पायांतलं एकावेळी एकच हलवा. खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्याने हलायचं नाही, कारण दगड निघतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो.

मागचा_मागे | बुधवार, दुपारी १२:४८

त्या दिवशी उशिरा आलेला मी. दोन रेनकोटांपैकी एकही माझा नव्हता, एवढंच माझ्या बाजूने. अडीच तास माझ्या खात्यावर मांडा. सहाला निघालो असतो तर बारा वाजता माथ्यावरून पलीकडे उतरत असतो, हे काल रात्री कागदावर मांडून बघितलं आणि पुन्हा झोपलो नाही.

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. कातळ उतरल्यावर खालच्या पठारावर दोन मिनिटं मागून ऊन आलं होतं, समोर दरीत धुकं, आणि धुक्यावर माझी सावली, तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ. बाकीचे खाली मान घालून चालत होते. मी हाक मारणार होतो, पण कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

ढगनिरीक्षक | बुधवार, दुपारी १:०५

इंद्रवज्र! धुक्याचे थेंब प्रकाश उलटा आपल्याकडे फेकतात, म्हणून प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं. जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगराचं नाव या धुक्यावरच्या सावलीला दिलं गेलंय, त्याची उंचीही जेमतेम १,१४१ मीटर. हाक मारली असतीत तर पाच जणांना पाच वेगळी दिसली असती.

भिजका_मोजा | बुधवार, रात्री १०:१०

उत्तर द्यायला उशीर झाला, आज पुढे_चला आणि मी भेटलो होतो. नकाशा समोर ठेवून बसलो. पलीकडची सोंड खरंच होती. मी ती बघितलीच नव्हती, ट्रॅकची एक निळी रेघ सोडून मी नकाशात काहीच बघितलं नव्हतं.

सुईदोरा, ती मुलगी पाचवी होती. मी तिला विचारलं, 'बरी आहेस ना', ती 'हो' म्हणाली, मी पुढच्याला दोर द्यायला वळलो. आज तिला फोन केला. त्या दिवशीचं कातळ उतरल्यानंतरचं तिला नीट आठवत नाही म्हणाली.

पुन्हा जातोय. याच वाटेने, तीन आठवड्यांनी. साडेपाचला पायथ्यावरून निघणार. दुसरी गाडी पलीकडच्या बाजूला आदल्या दिवशी नेऊन ठेवायची. कातळाखाली पोचलो की सगळ्यांनी बसायचं, दहा मिनिटं, आणि प्रत्येकाने तोंडाने बोलायचं: चढू किंवा नको. एकाने नको म्हटलं तरी नको. मागचा_मागे आदल्या रात्री माझ्या घरी झोपणार आहे.

शिखरवेडा | बुधवार, रात्री १०:२२

एक जागा आहे का? कातळाखाली बसेन. नको म्हटलंत तर कुरकुरेन, पण बसेन.

भिजका_मोजा | बुधवार, रात्री १०:२५

आहे. रेनकोट सॅकमध्ये दिसला पाहिजे, गाडीत नाही.

छत्रीधारी | बुधवार, रात्री १०:३१

झाडीपर्यंत मीही येतो.